एक ओळ राहिली

मुलांनी मला ठेवलेलं नाव मला ठाऊक होतं. शाळेच्या मागच्या भिंतीवर ते खडूनं लिहिलेलं असायचं, आणि लिहिणाऱ्यानं अनुस्वार जागच्या जागी दिलेले असले तर मला रागही यायचा नाही. ‘कुठंलिहिलंय सर’ असं ते नाव. वर्गात कुणी काहीही ठोकून दिलं की माझा एकच प्रश्न असायचा, “कुठं लिहिलंय?” त्यावर पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून दाखवता आलं तर ठीक, नाहीतर गप खाली बसायचं. या एका प्रश्नावर मी आयुष्यभर पगार घेतला असं माझी बायको म्हणते, आणि ते फारसं खोटं नाही.

शाळा जुन्नर-नारायणगाव रस्त्यापासून थोडी आत होती. मी मूळचा कळंबचा. पण बायको जुन्नरला सरकारी दवाखान्यात नोकरीला, म्हणून बिऱ्हाड जुन्नरला, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. सकाळी एसटीनं जायचं, एसटी चुकली तर जीपच्या मागच्या फळीवर अर्धं अंग बाहेर ठेवून जायचं. नव्वद सालानंतर मी तिथं मराठीचा शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा माझ्या डोक्यात भलत्याच कल्पना होत्या. मुलं धडा वाचतील, त्यावर भांडतील, लेखकाच्या चुका काढतील. प्रत्यक्षात नववीच्या वर्गात चाळीस मुलांकडे चाळीस गाइडं होती आणि पाठ्यपुस्तकं तीस. गाइडात प्रश्न होते, उत्तरं होती, धडा तेवढा नव्हता. धडा न वाचता उत्तर येतंय म्हटल्यावर तो वाचायची दगदग कोण करणार?

पहिल्याच सहामाहीला मी पेपरात एक उतारा स्वतः रचून घातला. एक बाई भर उन्हात विहिरीवर जाते, रिकामी घागर घेऊन परत येते, दारात पाहुणा बसलेला असतो, आणि ती त्याला पाणी देत नाही. प्रश्न होता, बाईने पाहुण्याला पाणी का दिले नाही? जवळजवळ सगळ्या वर्गानं लिहिलं की ती बाई स्वार्थी होती. आजकाल माणुसकी राहिलेली नाही, अतिथी देवासमान असतो, आपण सर्वांनी यातून बोध घेतला पाहिजे, असं पानपानभर. विहिरीला पाणी नव्हतं हे लिहिणारी पोरं दोन.

मी पेपरांचा गठ्ठा टेबलावर आपटला. “घागर रिकामी आहे! दुसऱ्या ओळीत लिहिलंय! त्या बाईनं काय रक्त द्यायचं होतं का पाहुण्याला?” मग मागच्या बाकावरनं कुणीतरी हळूच म्हणालं, “सर, पण गाइडात आसंच उत्तर आस्तंय.”

मला तेव्हा खूप राग यायचा आणि तो मी लपवत नसे. आता वाटतं, पोरांचा त्यात दोष नव्हता. वाचायचं म्हणजे डोळे ओळीवरनं फिरवायचे आणि मग शहाण्यासारखं काहीतरी बोलायचं, असंच त्यांना आठ वर्षं शिकवलेलं होतं.

मग मी दर गुरुवारी पाठ्यपुस्तक बंद ठेवायला लागलो. गुरुवारी प्रत्येकानं घरातला एक छापील कागद आणायचा. टोमॅटोवर मारायच्या औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी, लाइटबिल, यात्रेचं हँडबिल, एसटीचा पास, लग्नपत्रिका, जे हाताला लागेल ते. कागद बाकावर ठेवायचा, ओळीखाली बोट धरायचं आणि शब्द न शब्द वाचायचा. नववीतली घोडी पहिलीतल्या पोरांसारखं बोट धरून वाचतायत म्हणून तपासणीला आलेले एक साहेब हसले होते. मी त्यांना म्हणालो, साहेब, बोट उचललं की डोळा उडी मारतो. त्यांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मात्र मला कळलं नाही.

वाचून झालं की मी चार गोष्टी विचारायचो. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, काय बोलतंय, आणि काय बोलत नाहीये. पहिल्या तिन्हींची उत्तरं पोरं लवकर द्यायला लागली. चौथ्याला सगळे छताकडे बघायचे. औषधाच्या घडीवर लिहिलं होतं की फवारल्यानंतर अमुक दिवस माल तोडू नये. वाचून झाल्यावर वर्गात एकदम कुजबुज झाली. “सर, आमी तर दुसऱ्या दिशी तोडतो!” त्या दिवशी मधल्या सुट्टीत डब्यातल्या टोमॅटोच्या चटणीला कुणी हात लावला नाही. वाचलेलं पोटापर्यंत गेलं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि मी खूश होऊन जुन्नरला उतरल्यावर पाव किलो जिलबी घेऊन घरी गेलो.

चौथ्या प्रश्नाचं पहिलं खरं उत्तर एका मुलीनं दिलं. ती आमच्याकडे पाचवीपासून होती. वडील ती लहान असतानाच गेले, तेव्हा तिची आई तिला घेऊन माहेरी आली. आजोबांनी विहिरीकडचा वीस गुंठ्यांचा तुकडा आणि तिथल्या पत्र्याच्या दोन खोल्या आईला दिल्या. दिल्या म्हणजे तोंडानं सांगितलं, हे हिनं करून खायचं. पुढे आजोबाही गेले आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून मामाचं आणि आईचं, दोघांचीही नावं लागली. आई त्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर, थोडे टोमॅटो करायची आणि पहाटे नारायणगावच्या बाजारात नेऊन विकायची. पोरीची शाळा त्याच्यावर चालायची.

त्या गुरुवारी तिनं मामाच्या मोठ्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आणली होती. आमच्याकडच्या पत्रिकेत नावांचा महापूर असतो. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, आणि तळाला ‘आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणून पाळण्यातल्या पोरांचीसुद्धा नावं. तिनं ती सगळी बोट धरून वाचली. मग मी विचारलं, “काय बोलत नाहीये?”

तिनं पत्रिकेवरनं वरून खाली पुन्हा एकदा बोट फिरवलं. “सर, खाली पोरांच्यात माझं नाव हाय. वरती मामाच्या मेव्हण्याच्या चुलत्याचं पण हाय. आईचं कुठंच न्हाई.”

वर्गात कुणीतरी म्हणालं, विधवेचं घालत न्हाईत. मी विचारलं, असं कुठं लिहिलंय? पोरं म्हणाली, लिहिलेलं नाही, पण असतं तसं. मी फळ्यावर लिहिलं: ‘लिहिलेलं नाही, पण असतं.’ आणि तास संपला. माझ्या मते तो माझा सगळ्यात चांगला तास होता, आणि त्याचं श्रेय मी बरेच दिवस स्वतःकडेच ठेवलं.

आता माझी दुसरी बाजू सांगतो. गावात मराठीच्या मास्तराला एक जादा काम असतं, ते म्हणजे सही. कुणाच्या रेशनकार्डाचा अर्ज, कुणाचा रहिवासी दाखला, कुणाच्या खरेदीखताला साक्षीदार. “सर, एक सही पाहिजे व्हती,” असं म्हणत माणसं शाळेच्या फाटकात उभी राहायची. मी जुन्नरला राहायचो आणि कचेरी माझ्या गल्लीपासून पाच मिनिटांवर, त्यामुळे कागदाच्या कामाला जुन्नरला आलेला माणूस हटकून माझ्या दारात यायचा. मला ते आवडायचं. सरांची सही असली की कागदाला वजन येतं, असं लोक म्हणायचे आणि मी ते खरं मानायचो. किती कागदांवर सही केली त्याचा हिशेब नाही. वाचले किती, ते सांगता येईल. एकही नाही.

ती मुलगी दहावीत गेली त्या वर्षी, एका शनिवारी, सकाळची शाळा करून मी घरी पोचतोय तोच तिचा मामा मोटारसायकलवर दारात. मामा माणूस वाईट नव्हता. शाळेच्या मैदानाला मुरूम त्यानं टाकून दिला होता, शाळेच्या समितीवर होता, बोलायला मोकळा. म्हणाला, “सर, पाच मिनटाचं काम हाय. बहिणीची सही घ्यायची. साक्षीला तुमी चला.”

इथं एक शब्द समजून घ्यायला हवा. आमच्याकडे ‘बहिणीनं सही दिली’ या वाक्याचा अर्थ एकच होतो. वडिलांच्या मागं बहीण भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देते, भाऊ तिला साडी घेतो, आणि पुढे माहेरचा उंबरा तिला उघडा राहतो. हक्क, जमीन, हिस्सा यातला एकही शब्द कुणी उच्चारत नाही. नुसतं ‘सही दिली’. माझ्या दोन्ही बहिणींनी कळंबच्या जमिनीला अशीच सही दिली होती आणि त्यांच्या साड्या मी स्वतः मंचरला जाऊन आणल्या होत्या. त्यामुळे मामा ‘सही घ्यायची’ म्हणाला, तेव्हा मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

कचेरीबाहेर दस्त लिहिणाऱ्यांची टेबलं असतात. तिथल्या बाकावर मुलीची आई बसली होती, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडीची नवी साडी. लिहिणाऱ्यानं कागद उलटे धरले होते आणि खालून एकेक पान वर करत बोट दाखवत होता. इथं सही, इथं, आणि इथं. तिला सही करता येत होती. तिसरीपर्यंत शिकलेली होती, एकेक अक्षर कोरत नाव लिहायची. पहिली सही करून ती मामाकडे वळली. “मोटारीच्या कनेक्शनचंच हाय ना, दादा?”

“हां, हां. त्येच,” मामा म्हणाला.

विहिरीवरच्या मोटारीला नवं कनेक्शन घ्यायचं तर सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमती लागते, तेवढ्यासाठी आपण आलोय असं तिला वाटत होतं. हे मी ऐकलं. दोन हात अंतरावर उभा राहून ऐकलं. माझ्या हातात पेन होतं, समोर कागद होता, आणि वरचं पान उलटून पहिली ओळ वाचायला मला जेवढा वेळ लागला असता त्याहून जास्त वेळ मी पेनाचं टोपण शोधण्यात घालवला. मी सही केली. वर तिला म्हणालो, “अक्षर छान आहे हो तुमचं.”

त्या दिवशी दस्त नोंदणारे साहेब रजेवर होते. नोंदणी सोमवारी, ओळख पटवायला मीच यायचं असं ठरलं. निघताना ती म्हणाली, “पोरीनं सांगितलंय, सही केलेला कागूद घरी घेऊन ये म्हणून.” मामा हसला, लिहिणारा हसला, मीही हसलो. मामानं शेजारच्या दुकानातून झेरॉक्स काढून तिच्या पिशवीत साडीवर ठेवली.

रविवारी दुपारी माझं दार वाजलं. ती मुलगी एकटीच एसटीनं आली होती, खांद्याला दप्तर. म्हणाली, “सर, एक उतारा समजत न्हाई.”

मला फार बरं वाटलं. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, उतारा घेऊन पोरगी एवढ्या लांब आली! बायकोला पोहे टाकायला सांगितले आणि ऐटीत चष्मा लावून बसलो. तिनं दप्तरातून ती झेरॉक्स काढली, माझ्यासमोर ठेवली आणि पहिल्या ओळीखाली बोट धरलं. हक्कसोडपत्र.

“कोण बोलतंय, ते कळंना,” ती म्हणाली. “सगळीकडं ‘मी’ लिहिलंय. मी माझ्या राजीखुशीने, मी पूर्ण विचारांती, मी माझा हक्क कायमचा सोडत आहे. ‘मी’ म्हंजे आई ना, सर? पण आई आसं बोलत न्हाई. आई बोलली आस्ती तर मोटार म्हणाली आस्ती. मी तीनदा वाचलं. मोटार ह्याच्यात कुठंच न्हाई.”

तिचं बोट खाली सरकलं. “आन हितं लिहिलंय, ‘यापुढे माझा किंवा माझ्या वारसांचा सदर मिळकतीवर हक्क राहणार नाही.’ वारस म्हंजे मी ना?”

“हो,” मी म्हणालो.

“आन मग हे.” बोट शेवटच्या पानावर, तळाला होतं. तिथं लिहिलं होतं की सदर दस्त लिहून देणार यांना खालील साक्षीदारांनी वाचून दाखवला, तो त्यांना समजला, आणि त्यांनी आमच्यासमक्ष सही केली. त्याच्या खाली माझं पूर्ण नाव, आणि माझी सही. “आई म्हणती, कुणी वाचून न्हाई दाखवलं. पण हितं तर लिहिलंय.”

तिच्या आवाजात आरोप नव्हता. वर्गात ती अशीच विचारायची. घागर रिकामी आणि उत्तर वेगळं, तर यातलं काय धरायचं, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं. आणि मी काय केलं? मी चिडलो. म्हणालो, “मी काय प्रत्येकाचे कागद वाचत बसू का? लोक सही मागतात, मी देतो. तुझ्या आईनं विचारायला नको होतं?” स्वयंपाकघरातून बायको पोह्यांची बशी घेऊन आली, ती तिच्यापुढे ठेवली आणि माझ्याकडे एकदा बघून आत गेली. तेवढ्यानं मी जागेवर आलो. मला माझी लाज वाटली आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

मग मी तिला सांगितलं की कागदावर सही झाली तरी नोंदणी व्हायची आहे. सोमवारी साहेब आईला विचारतील, कबूल आहे का म्हणून. तिथं आई ‘नाही’ म्हणू शकते. नोंदणी झाली की मग मात्र सगळं अवघड. तिनं ते वहीत लिहून घेतलं. पोहे संपवले, बशी विसळून ठेवली. दारात चप्पल घालताना विचारलं, “तुमी येणार ना, सर?”

सोमवारी मी शाळेत रजा कळवून कचेरीसमोर उभा राहिलो. मामाला अडवणं सोपं नव्हतं. समितीवरचा माणूस, शाळेतला रोजचा संबंध. मामा आला तसं त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, “हा कागद ताईंना आधी वाचून दाखवू. मोटारीचा म्हणून त्यांनी सही केलीय.”

मामाचा चेहरा पडला. मग तो शांतपणेच म्हणाला, “सर, बहीणभावाच्या मधी तुमी कशाला पडता? सगळ्याच बहिणी देत्यात सही. तुमच्या कळंबला न्हाई देत?”

“देतात,” मी म्हणालो. “माझ्याही दोघींनी दिली.”

“मंग? तिला कोण काढतंय का तिथनं? मी जित्ता हाय तवर तिचा तुकडा ती करून खाईल. मी काय वैरी हाय का तिचा?”

तो मनापासून बोलत होता, आणि मला त्याचं पटलंही असतं. पण तोंडातून सवयीनं तेच बाहेर पडलं. “तसं कुठं लिहिलंय?”

मामानं मोटारसायकलची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, “शाळा हाय का ही, सर?” आणि आत गेला.

आत गर्दी होती. साहेबांनी मान खाली घालूनच विचारलं, “दस्त वाचला? कबूल आहे?” असं विचारल्यावर सगळे ‘हो’ म्हणतात, तेवढ्यासाठी थांबायची त्यांनाही सवय नव्हती. शिक्का उचललेला होता. मुलीची आई पुढे झाली. दोन्ही हातांनी पदर घट्ट धरलेला, आवाज एवढासा. “न्हाई वाचला, सायेब. वाचून दाखवा.”

शिक्का खाली ठेवला गेला. साहेबांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं, साक्षीदाराच्या रकान्यातलं नाव पाहिलं आणि विचारलं, “हे साक्षीदार कोण? तुम्हीच का? मग वाचा की.”

मी वाचलं. वर्गातल्या आवाजात, सावकाश, तीन पानं. रांगेतली माणसं ऐकत होती. ‘कायमचा सोडून देत आहे’ इथं आलो तेव्हा तिनं एकदम भावाकडे पाहिलं, आणि तो खिडकीबाहेर बघत होता. वाचून संपल्यावर साहेबांनी पुन्हा विचारलं, कबूल आहे का. ती म्हणाली, “मोटारीला संमती देते. लागंल तितक्या सह्या करते. हे कबूल न्हाई.” दस्त नोंदला गेला नाही. बाहेर येऊन तिनं साडीची पिशवी भावाच्या हातात दिली. तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे गं, नेस.” तिनं ती परत घेतली. मला ते नीट समजलं नव्हतं, अजूनही समजत नाही.

मामा वर्ष-दीड वर्ष बहिणीशी बोलत नव्हता. विहिरीवर पाण्याच्या पाळ्या दोघांच्या ठरलेल्या, त्या मात्र चुकल्या नाहीत. नवी मोटार बसली, तिच्या संमतीनं. समितीच्या बैठकीत मामा माझ्याशी कामापुरतं बोलायचा, आणि ते पुढेही तसंच राहिलं. मुलगी दहावी झाली, नारायणगावला अकरावी-बारावी केली, डीएड केलं, आणि दोन हजार सालानंतर आदिवासी पट्ट्यातल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागली. तिची आई अजून त्या तुकड्यात मेथी करते. सही मागायला माझ्याकडे येणारी माणसं मात्र हळूहळू थांबली. “सर कागूद वाचत बसत्यात, एसटी जाती,” असं लोक म्हणायला लागले. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

कचेरीतल्या त्या सोमवारानंतरच्या दिवाळीत, भाऊबीजेला मी कळंबचा कागद काढला आणि बहिणींना बसवून वाचून दाखवला. मोठी म्हणाली, “आता वाचून काय करू?” धाकटी उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली. मी त्या कागदाचं पुढं काही केलं नाही.

ही हकीकत मी शिक्षकांच्या खोलीत, शिबिरांतून, नव्या लागलेल्या पोरांना बऱ्याचदा सांगितली आहे. बारकाईनं वाचायला शिकवलं की काय होतं, याचा दाखला म्हणून सांगतो. ऐकणाऱ्यांना आवडते. ‘मी वाचलं, सावकाश, तीन पानं’ असं म्हणालो की ते माझ्याकडे आदरानं बघतात. वरतीही मी तसंच लिहिलंय.

पण मी सगळं वाचलं नव्हतं. शेवटच्या पानावर, मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, गट नंबर, सगळं वाचून मी तळाशी आलो. तिथं ती ओळ होती, साक्षीदारांनी वाचून दाखवला म्हणणारी. समोर साहेब, मागं रांग, शेजारी मामा. माझा डोळा उडी मारून खाली तारखेवर गेला, मी तारीख वाचली, आणि कागद टेबलावर ठेवला.

ती मुलगी आईच्या मागं उभी होती. शाळा बुडवून आलेली. तिच्या हातात झेरॉक्स होती आणि ती माझ्याबरोबर, बोट धरून, मनात वाचत होती. तिचं बोट अजून वरच्या ओळीवर होतं.

“सर,” ती म्हणाली, “एक ओळ राहिली.”